चूक सांगितल्यावरची पहिली दोन मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पुण्याहून कुडाळजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात क्वालिटी ऑफिसर म्हणून आल्या, त्याला आठ महिने झाले. सगळे 'मॅडम' म्हणतात, चहा विचारतात; पण त्या लाइनवर गेल्या की गप्पा थांबतात, आणि कुठलीही अडचण त्यांना सगळ्यात शेवटी कळते. प्रोडक्शन आणि मेंटेनन्सचे त्यांच्याच हुद्द्याचे दोघे आपसात सगळं बोलतात, यांच्याशी मात्र कामापुरतं. शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात यांना घेतलेलं नाही. वरिष्ठ म्हणतात, 'मिसळत जा, एखादी पिकनिक काढा.' ताईंना विचारायचंय की सहकाऱ्यांमध्ये विश्वास नेमका तयार कसा होतो, बाहेरून आलेल्या माणसाने त्यासाठी काय करायचं, आणि ग्रुपमध्ये घ्या म्हणून सांगायचं का.

ताई, आधी पिकनिकचं बोलू. काढा, जरूर काढा. निवतीच्या किनाऱ्यावर न्या, भोगव्याला न्या, सोलकढी पाजा. फक्त सोमवारी सकाळी त्यातून काही हाती लागेल ही अपेक्षा ठेवू नका. मी एकतीस वर्षं या पट्ट्यात काढली, आधी आंबा-काजूच्या प्रक्रियेत, नंतर मासळी गोठवण्याच्या कारखान्यात. सुपरवायझर म्हणून लागलो आणि शेवटची नऊ वर्षं माणसांचंच खातं सांभाळलं. रविवारी एका पंगतीत जेवलेली माणसं सोमवारी खराब बॅच एकमेकांच्या गळ्यात मारताना पाहिली आहेत. उलट आमचा एक सीमिंग मशीनवाला, म्हणजे डब्याला झाकण बसवणारा, आणि एक रिटॉर्टवाला, म्हणजे बंद डबे वाफेवर शिजवणारा, गावच्या जमिनीवरून कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे होते, पण मशीनवर एकाने मान हलवली की दुसरा डोळे मिटून डबे आत घ्यायचा. घरी बोलणं बंद, कारखान्यात भरवसा पूर्ण. तेव्हा गोडी आणि विश्वास या दोन गोष्टी आहेत एवढं पहिल्यांदा मनात पक्कं करा.

आपल्या भाषेत विश्वास टाकतात आणि विश्वास बसतो. टाकणं आपल्या हातात असतं, बसणं नसतं. बहुतेक कारखान्यांत सगळे दुसऱ्याचा बसण्याची वाट पाहत असतात आणि पहिल्यांदा टाकत कुणीच नाही. मग एखादा जुना माणूस सुपारी कातरत म्हणतो, 'विश्वास तर गेला पानिपतात,' आणि सगळे हसून आपापल्या जागी जातात.

टाकायचं म्हणजे काय, ते एका रात्रीवरून सांगतो.

मे महिन्याचा दुसरा आठवडा, कॅनिंगचा ऐन हंगाम. बाहेर क्रेटची चळत, आत पिकलेल्या आंब्याचा वास इतका की जेवण जात नाही. कापणीच्या टेबलांवर चाळीसेक बायका, प्रत्येकीच्या हातात मोजून दिलेली सुरी. शिफ्ट सुरू होताना सुऱ्या मोजून द्यायच्या, संपताना मोजून घ्यायच्या, हा नियम. रात्री अकराच्या सुमाराला तिसऱ्या टेबलावरच्या एक काकी उठून माझ्याकडे आल्या, सुरी पदराखाली. म्हणाल्या, "सायबानू, वायच येवा. चूक झाली हा." सुरीचं टोक तुटलं होतं. नखाएवढा तुकडा. कुठे गेला माहीत नाही.

फळाच्या कारखान्यात काम केलेल्याला याचा अर्थ सांगायला नको. तो तुकडा पल्परमध्ये, म्हणजे गर काढायच्या यंत्रात, गेला तर चाळणी फाटते. तिथून निसटला तर कुणाच्या तरी आमरसाच्या वाटीत जातो. माझ्या तोंडाशी पहिला प्रश्न आला, 'कसं काय तुटलं?' तो गिळला. कसा गिळला हे आजही सांगता येणार नाही, बहुतेक दमलो होतो म्हणून. विचारलं ते एवढंच: "किती वेळ झाला? त्यानंतर तुमची परात कुठे रिकामी केली?" त्या म्हणाल्या, आत्ताच, एकच परात, तीसुद्धा अर्धी. लाइन बंद केली. हॉपर रिकामा केला, सालीची पिंपं जमिनीवर ओतली, दहा-बारा जणी बॅटऱ्या घेऊन बसल्या. तुकडा सालीत सापडला, टोकाला टोक जुळवून पाहिलं. पन्नास मिनिटं गेली. सकाळी मालक आले, पन्नास मिनिटांचा हिशेब मागितला. मी म्हटलं, "लाइन मी थांबवली. सुरीचं टोक तुटलं होतं, ते मिळालं." कुणाची सुरी, हे ते विचारण्याआधीच पुढचा विषय काढला.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. चार वेगवेगळ्या बायका चार गोष्टी सांगायला आल्या. एका टेबलाचा पाय हलतो. हातमोज्याचा तुकडा गायब आहे. पलीकडच्या नळाचं पाणी दुपारी गढूळ येतं. आणि एकीने सांगितलं की मागच्या हंगामात, दुसरीकडे काम करताना, तिच्याही सुरीचं टोक तुटलं होतं आणि ती गप्प बसली होती, कारण तिथे सुरीमागे मजुरी कापायचे. मला पोटात धस्स झालं. तो माल कुणीतरी खाल्ला असणार.

मी त्या रात्री फार थोर काही केलं नव्हतं, पण चाळीस बायकांनी मला पाहिलं होतं. वाईट बातमी घेऊन गेलेल्या माणसाचं पहिल्या दोन मिनिटांत काय होतं, ते लोक पाहतात आणि त्यावरून पुढच्या दोन वर्षांचं ठरवतात. 'कुणी केलं?' हा तुमचा पहिला प्रश्न असेल तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणार नाही. 'कुठे, केव्हा, आत्ता काय करूया?' असेल तर येईल. 'कुणी' विचारायची वेळ नंतर येते, दुसऱ्या दिवशी, दार लावून. बऱ्याचदा तोपर्यंत त्या माणसाने स्वतःच सांगितलेलं असतं.

यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतली पथकं तपासली. औषध देण्यातल्या चुका चांगल्या पथकांत कमी निघतील असा अंदाज होता, आकडे उलटे आले. ज्या पथकांत आपसातलं नातं चांगलं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. विचार केल्यावर उलगडा झाला: तिथली माणसं चुका जास्त करत नव्हती, सांगत जास्त होती. पुढे १९९९ साली त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ पथकांवरचं काम प्रसिद्ध केलं. चूक मान्य करायला, अडलं तर विचारायला माणूस बिचकत नाही, अशा पथकांत शिकणं जास्त होतं. तेव्हा तुमच्या रजिस्टरमध्ये आठ महिन्यांत 'निरंक' जास्त असेल तर त्याचा अभिमान बाळगू नका. कुडाळच्या उकाड्यात, हंगामी माणसं घेऊन, आंब्यासारख्या नाशवंत मालात निरंक येत नसतं. ते तुमच्यापासून लपलेलं असतं.

आता तुमच्याकडे पाहून लोक काय जोखतात? १९९५ मध्ये मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन अभ्यासकांनी त्याची मांडणी केली. समोरच्याची क्षमता, त्याचा आपल्याविषयीचा सद्भाव आणि त्याची सचोटी. मला ती पटते, कारण आमच्या टेबलावरच्या बायका कुठलाही निबंध न वाचता हेच तीन प्रश्न विचारतात: हिला यातलं कळतं का? हिच्या मनात आमचं वाईट तर नाही? आणि बोलली ते करते का?

पहिल्या प्रश्नात तुमची डिग्री मोजत नाहीत. साका ओळखता येतो का, हे मोजतात. हापूस बाहेरून सोन्यासारखा आणि आत गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबट. वरून काही कळत नाही. फळ झाडावर फार पिकू न देता चौदा आण्यांवर, म्हणजे सोळा आणे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी, काढलं तर साका कमी निघतो, हे बागायतदार सांगतील. पण आलेल्या मालात तो कापताना कळतो. जुन्या बायकांना सुरी फिरतानाच कळतो, हाताला. तुम्ही प्रयोगशाळेत ब्रिक्स आणि पीएच, म्हणजे गोडी आणि आंबटपणा, काढता ते बरोबरच आहे. तरी येत्या हंगामात चार सकाळी टेबलावर बसा, सुरी घ्या आणि त्यांच्यासमोर वाईट कापा. चीक लागून हात चुरचुरतील, तुमच्या फोडींना हसतील. हसू द्या. ज्याला आपण काही शिकवलं त्याला आपली अडचण सांगणं सोपं जातं. बाहेरून आलेले शहाणे लोक नेमकं उलटं करतात. सुरुवातीलाच आपल्याला सगळं येतं हे दाखवायला जातात आणि समोरच्याला देण्यासारखं काही उरूच देत नाहीत.

दुसरा प्रश्न तुम्हाला जास्त जड आहे, कारण तुमचं पदच तसं आहे. क्वालिटी म्हणजे पकडायला आलेली. यात तुमचा दोष नाही, पण भार तुमच्यावर आहे. लोक तुम्हाला आधी एखादी बारीकशी गोष्ट सांगून पाहतील. अमकी दहा मिनिटं उशिरा आली, पोरगं आजारी होतं, पण कार्ड वेळेवर पडलं, असलं काहीतरी. ही चाचणी असते. ती गोष्ट फिरून परत कुठून येते का, याची वाट पाहतात. आली की पुढचं दार बंद. याचा अर्थ गैरप्रकाराकडे डोळेझाक करा असा नाही. सांगणारीला तिथेच म्हणा, "हे मला ठेवून घेता येणार नाही, कार्डाचं आहे. तूच तिला सांग, उद्या सुपरवायझरला आपणहून सांगायला." काय पोटात राहील आणि काय राहणार नाही, हे आधीच कळलं की लोक रागवत नाहीत.

हे इतक्या ठासून सांगतोय, कारण मी स्वतः यात माती खाल्ली आहे. नोकरीच्या आठव्या वर्षी एका फिटरने मला चहाच्या टपरीवर सांगितलं की सीमिंग मशीनचा एक रोल झिजलाय, नवा यायला आठवडा आहे, तोवर तो दर तासाला सेटिंग करून चालवतोय. त्याने मला सांगितलं ते मी डब्यांवर नजर ठेवावी म्हणून. मी काय केलं? दोन दिवसांनी मीटिंगमध्ये मालकांनी विचारलं, गळके डबे का वाढतायत, आणि मी ऐटीत म्हटलं, "रोल झिजलाय ना, फिटरला माहिती आहे." मला फक्त माझी माहिती दाखवायची होती. तो समोर बसला होता. काही बोलला नाही, वहीत बघत राहिला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शिफ्टला कळलं होतं. पुढे जवळजवळ दोन वर्षं तो माणूस माझ्याशी 'होय साहेब' आणि 'नाही साहेब' यापलीकडे बोलला नाही. मी माफी मागितली, तीही एकट्यात. अपमान चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात, हा आणखी एक मूर्खपणा. शेवटी एका वर्षी हंगामापूर्वीच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं की त्या वेळी माझं चुकलं होतं, त्यांनी विश्वासाने सांगितलेलं मी वापरलं. तो तेव्हाही वहीतच बघत होता. त्यानंतर मशीनचं सांगायला लागला, घरचं कधी नाही. तडा बुजला, पण खूण राहिली. विश्वास बसायला लागलेल्या दिवसांचा आणि जायला लागलेल्या मिनिटांचा हिशेब कधी जुळत नाही.

तिसरा प्रश्न बोलण्या-करण्याचा. इथे एक शब्द तुमचा वैरी आहे: 'बघते.' बायका म्हणतात, मॅडम, हातमोजे मोठे होतात, सुरी निसटते. तुम्ही म्हणता, 'बघते.' तुमच्या लेखी तो होकार असतो. त्यांनी तो शब्द इतक्या साहेबांकडून ऐकलाय की त्यांच्या लेखी तो नकार आहे, वर जरा नटवलेला. मी खिशात छोटी डायरी ठेवायचो. ज्याला जे बोललो ते लिहायचं आणि शनिवारी दुपारी प्रत्येकाला उत्तर द्यायचं, नाही असलं तरी. 'छोटे हातमोजे कुडाळात मिळत नाहीत, कोल्हापूरहून मागवलेत, दहा दिवस लागतील.' नकाराने विश्वास जात नाही. अधांतरी ठेवल्याने जातो.

तिन्ही प्रश्नांच्या आधीचा एक चौथा प्रश्न आपल्याकडे असतो, तो कुठल्या निबंधात मी पाहिला नाही: 'तुम्ही खयच्या?' गाव, वाडी, घराणं, कुणाची कोण. तुमच्या प्रोडक्शनवाल्याचा आणि मेंटेनन्सवाल्याचा हा प्रश्न जन्माआधीच सुटलेला आहे. एक दुसऱ्याच्या मावसभावाचा वर्गमित्र असणार. त्यांना एकमेकांची हमी आहे. उद्या एकाने दगा दिला तर देवळात, बाजारात, लग्नात तोंड दाखवायचं आहे. तुम्ही मात्र दोन वर्षांनी बदली करून जाल असं लोक धरून चालतात. त्याचा राग मानू नका, हिशेब म्हणून तो बरोबरच आहे. उत्तर इतकंच की तुम्हाला हमी देणारं कुणीतरी लागतं. तो माणूस मालक नसतो. बहुतेक स्टोअरकीपर असतो किंवा टेबलावरची सगळ्यात जुनी बाई. तिच्याशी सलगी करायला जाऊ नका, लगेच ओळखते. फक्त तिच्या बाबतीत तुमची वागणूक चोख ठेवा. तिने एकदा 'बरी आसा गे' म्हटलं की वर्षभराचं काम होतं.

आणि गैरहजर माणसाबद्दल तुम्ही काय बोलता, यावर सगळ्यांचे कान असतात. मेंटेनन्सवाला निघून गेल्यावर तुम्ही त्याच्यावर हसलात, तर ऐकणारी हसेल आणि मनात नोंद करील की आपण गेल्यावरही हेच होतं.

आता त्या दोघा सहकाऱ्यांचं. इथे मनं जुळवण्याच्या मागे लागू नका. तुमच्या आणि प्रोडक्शनच्या खुर्च्याच अशा ठेवल्यात की भांडण ठरलेलं आहे. त्यांचं माप टनात, तुमचं माप परत आलेल्या मालात. रात्री दोन वाजता बॅच होल्ड करायची, म्हणजे माल अडवून ठेवायचा, की नाही यावर त्या क्षणी तुमचं पटणारच नाही, कितीही सलोखा असो. म्हणून मार्चमध्ये, पेट्या यायच्या आत, तिघं बसा आणि कागदावर ठरवा: कुठल्या आकड्याला होल्ड, कोण सांगणार, किती वेळात उत्तर. शिवाय एक शब्द तुम्ही आपणहून द्या. मी हा आमच्या मेंटेनन्स प्रमुखाला दिला होता. 'तुझ्या खात्यातली कुठलीही गोष्ट मालकांना माझ्याकडून कळायच्या आधी तुला कळेल. दहा मिनिटं आधी का होईना.' त्याने उलट शब्द दिला नाही, मी मागितलाही नाही. चार महिन्यांनी एकदा पहाटे त्याचा फोन आला, "बॉयलरचं काहीतरी होणार आहे, मालकांना सातला सांगतोय, तू आत्ताच ऐकून ठेव." टाकलेला होता, तो असा बसला.

तुम्ही विचाराल, मग तपासणीचं काय? तपासलं तर विश्वास नाही असं होतं ना? मला हे ऐकून कंटाळा आलाय. पतपेढीच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. त्यात मॅनेजरचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही, कारण ती पद्धत सगळ्यांना सारखी आहे आणि उद्या पैसे कमी भरले तर तीच त्याला वाचवते. तपासणी टोचते ती माणूस बघून केली तर. सगळ्यांची, ठरल्या वेळी, तुमची स्वतःचीसुद्धा केली तर टोचत नाही.

याच्या उलट बाजूची एक गोष्ट तुमच्याकडे नक्की चालू असेल. रिटॉर्टचा तापमानाचा तक्ता दर पंधरा मिनिटांनी भरायचा असतो आणि तो शिफ्टच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरला जातो. दुसरा सही करतो. त्यांना विचारलंत तर म्हणतील, आमचा एकमेकांवर विश्वास आहे. हे साटंलोटं आहे. फरक कसा ओळखायचा? विश्वासात माणूस दुसऱ्याला 'थांब, चुकतंय' म्हणू शकतो. साट्यालोट्यात तेवढंच म्हणायची बंदी असते. तक्त्याच्या बाबतीत आरडाओरडा करण्याआधी एक रात्र रिटॉर्टशेजारी उभ्या राहा. बहुधा दिसेल की एकच माणूस डबे भरतोय, झडप बघतोय आणि तक्ताही त्यानेच भरायचाय. तो खोटारडा नाही, त्याला दोनच हात आहेत.

हंगामी माणसांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती गोष्ट वेगळी आहे आणि सोपीही. दोन-अडीच महिन्यांसाठी येणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षांचा भरवसा तयार व्हायला वेळच नसतो. तरी काम होतं. कसं, ते पाहायचं असेल तर एकदा रात्र जागून संयुक्त दशावतार बघा. वेगवेगळ्या मंडळांतले नावाजलेले कलाकार एका रात्रीपुरते एकत्र येतात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभे राहून सुचतात. पायपेटी आणि पखवाज सुरू झाला की राजा एक वाक्य टाकतो आणि समोरचा ते झेलतो, मग भले त्या दोघांनी याआधी कधी एकत्र काम केलेलं नसो. हा विश्वास माणसावर नसतो, भूमिकेवर असतो. राजाचं काम काय, संकासुर कधी येणार, पखवाज कुठे थांबणार, हे प्रत्येकाला पक्कं माहीत आहे. मेयरसन, वाइक आणि क्रेमर या अभ्यासकांनी १९९६ मध्ये तात्पुरत्या गटांतल्या या झटपट विश्वासाबद्दल लिहिलं, तेही याच्याच जवळचं आहे. म्हणून हंगामी माणसांना पहिल्या दिवशी गोड भाषण देऊ नका. कुणाचं काम काय, अडलं तर कुणाकडे जायचं आणि कुठल्या गोष्टीला लाइन थांबवायची मुभा आहे, एवढं नीट सांगा.

कायमच्या माणसांची खरी परीक्षा आंब्यात होत नाही, चतुर्थीत होते. गणपतीत सिंधुदुर्गात कारखाना चालवणं काय असतं, हे पुण्याच्या माणसाला समजावणं कठीण. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, आरत्या, भजनं, आणि तुमचं कोल्ड स्टोअर मात्र बंद करता येत नाही. आमच्याकडे पूर्वी रजेचा तक्ता ऑफिसातून यायचा आणि दर वर्षी भांडणं व्हायची. एका वर्षी तो लोकांनाच लिहायला दिला. त्यांनी तासाभरात सोडवला. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती ते तिसऱ्या दिवसापासून हजर, पाच दिवसवाल्यांना मोकळं केलं, अकरा दिवसवाल्यांनी मधल्या रात्री घेतल्या. दोन ख्रिश्चन मुलं आणि एक मुसलमान ऑपरेटर यांनी पहिले दोन दिवस पूर्ण उचलले. नाताळात आणि ईदला त्यांची पाळी कोण करणार हे कुणी विचारलं नाही, लिहूनही ठेवलं नाही. डिसेंबर आला तेव्हा ते आपोआप झालं. लगेच फेडून टाकलेली मदत म्हणजे व्यवहार. थोडी उधारी शिल्लक ठेवणं, आणि समोरचा विसरणार नाही हे धरून चालणं, यात नातं मुरतं. तुम्हीही कुणाची मदत घ्या. नुसत्या देत राहिलात तर लोक तुमचे देणेकरी होतात, सहकारी होत नाहीत. गाडी बंद पडली तर मेंटेनन्सवाल्याला फोन करा, ओला-उबर शोधत बसू नका. तसंही कुडाळात सापडणार नाही.

आपल्याला किती आत घेतलंय हे कसं कळणार, असं तुमच्या प्रश्नात डोकावतंय. आदराने मोजू नका. कोकणात परक्याला आदर मिळतो, आपल्याला टोमणा मिळतो. ज्या दिवशी कुणीतरी तोंडावर म्हणेल, 'मॅडम, आज लवकर उठलात वाटतं, की मीटर बिघडला?' त्या दिवशी घरी फोन करून सांगा. गप्पा थांबणं कमी होईल ते हळूहळू. आधी आवाज खाली येईल, मग विषय बदलेल, मग एके दिवशी कुणी विषयही बदलणार नाही. आठ महिने काही फार नाहीत. आंब्याचा एक आख्खा हंगाम तुम्हाला सगळ्यांबरोबर काढायचा आहे अजून.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप. नका विचारू. तुम्ही विचारलंत तर लाजेकाजेखातर घेतील आणि दुसरा ग्रुप काढतील, ज्यात तुम्ही नसाल. कधी ना कधी कुणीतरी न सांगता तुमचा नंबर टाकील, बहुतेक रात्री-अपरात्री काहीतरी बिघडल्यावर, कारण तेव्हा तुम्हाला कळवणं सोयीचं वाटलेलं असेल. आभार वगैरे मानू नका. विचारलंय त्याचं उत्तर द्या. आणि सकाळी पाचपासून सूर्योदयाचे फोटो सुरू होतात, तेव्हा झोपण्यापूर्वी म्यूट करून ठेवा.